फ्रायबर्ग आणि चवड्याचं ऑपरेशन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी दुखतंय, एक्स-रे काढला, रिपोर्टवर 'फ्रायबर्ग' असं काहीतरी लिहून आलं आणि आता डॉक्टर ऑपरेशनचं बोलतायत, अशा ठिकाणी तुम्ही असाल तर हे तुमच्यासाठी. माझं डाव्या पायाचं ऑपरेशन होऊन ३ वर्षं झाली, आणि तेव्हापासून ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले तेच तेच प्रश्न विचारत असतात, शेवटी म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून टाकू. मी डॉक्टर नाही, फक्त या एका हाडाच्या मागे लागून बरंच वाचलंय आणि बऱ्याच जणांना छळलंय. तुमच्या पायाचं काय करायचं ते तुमचा सर्जनच सांगणार.

फ्रायबर्ग म्हणजे नक्की होतं काय?

चवड्यात ५ लांब हाडं असतात, त्यांना मेटाटार्सल म्हणतात. प्रत्येकाचं पुढचं टोक गोल असतं, त्याला हाडाचं डोकं म्हणतात, आणि त्याच्यावर बोटाचं पहिलं हाड फिरतं. फ्रायबर्गमध्ये या डोक्याच्या एका भागाचा रक्तपुरवठा बिघडतो, तिथलं हाड कमजोर होतं, आणि वरून रोज वजन पडतंच असतं त्यामुळे ते हळूहळू आत खचतं. गोल डोकं वरच्या बाजूने चपटं होतं. पिंगपाँगचा बॉल अंगठ्याने एका बाजूने दाबला की कसा खड्डा पडतो, अगदी तसं. मग सांध्यावरचं गुळगुळीत कार्टिलेज (हाडाच्या टोकावरची कूर्चा) फाटतं, कधी त्याचे बारीक तुकडे सुटून सांध्यातच फिरत राहतात, सूज येते, बोट वर करताना कळ येते.

बहुतेक वेळा हे दुसऱ्या बोटाच्या हाडाला होतं, त्याखालोखाल तिसऱ्या. चौथं-पाचवं क्वचित.

हे फ्रायबर्ग कोण?

आल्बर्ट फ्रायबर्ग, अमेरिकेत सिनसिनाटीचे सर्जन. १९१४ मध्ये त्यांनी अशा ६ पेशंटचं वर्णन छापलं. काही जुन्या रिपोर्टमध्ये याच आजाराला 'कोहलरचा दुसरा आजार' म्हटलेलं दिसेल, घाबरू नका, दुसरा नवीन रोग झालेला नाही.

मलाच का झालं?

याचं एकच असं उत्तर कुणाकडे नाही. दुसरं मेटाटार्सल बऱ्याच जणांचं सगळ्यात लांब असतं आणि त्याचं मागचं टोक इतर हाडांमध्ये घट्ट अडकलेलं असतं, म्हणजे ते जागचं फारसं हलत नाही आणि पाऊल उचलताना सगळा मार त्याच्याच डोक्यावर. त्यात नाच, धावणं, उड्या, उंच टाचा, म्हणजे चवड्यावर पुन्हा पुन्हा भार. काही जणांच्या त्या जागी रक्तवाहिन्याच मुळात कमी असतात. मुलींना मुलांपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात होतं, आणि सुरुवात बहुतेक वेळा ११ ते १७ च्या वयात. माझं निदान झालं ३४ व्या वर्षी, पण डॉक्टरांनी एक्स-रे बघितल्या बघितल्या विचारलं, शाळेत असताना हा पाय दुखायचा का? दुखायचा. घरचे म्हणायचे बूट चावतोय.

दुसरं काही नसेल कशावरून?

प्रश्न बरोबर आहे, कारण चवडा दुखायची कारणं ढीगभर आहेत. दोन बोटांच्या मधली नस जाड झाली (मॉर्टन्स न्यूरोमा) तर आग होते, मुंग्या येतात, आणि दुखणं जास्त करून तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये असतं. स्ट्रेस फ्रॅक्चर असेल तर दुखणं सहसा थोडं मागे, हाडाच्या दांड्यावर. सांध्याखालची जाड पट्टी फाटली असेल तर बोट वर उचललं जातं किंवा शेजारच्या बोटाकडे सरकतं. संधिवात असेल तर सहसा एकाच सांध्यावर थांबत नाही. फ्रायबर्गमध्ये नेमक्या त्या सांध्यावर वरून बोट ठेवलं तरी दुखतं, सांधा जाड लागतो, आणि अनवाणी चालताना तिथे खडा आल्यासारखं वाटतं. मी तर पहिले ६ महिने रोज चप्पल उलटी करून खडा शोधायचे.

एक्स-रे नॉर्मल आला, मग?

सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो. हाड खचायच्या आधी जे बदल होतात ते एमआरआयमध्ये दिसतात, एक्स-रेमध्ये नाही. आणि एक्स-रे काढायचाच तर पायावर वजन देऊन उभं राहून काढलेला बरा, आणि एकाच अँगलने नको, तिरका पण हवा, कारण वरच्या बाजूचा खड्डा समोरून नीट दिसत नाही.

ऑपरेशनशिवाय बरं होतं का?

पुष्कळ जणांचं होतं, म्हणूनच कुणी पहिल्याच भेटीत थेट ऑपरेशनची तारीख देत असेल तर मी तरी दुसरं मत घेईन. आधी ४-६ आठवडे पायाला खरीखुरी विश्रांती, म्हणजे डॉक्टर देतात तो पाय जखडणारा चालायचा बूट किंवा कडक तळव्याचा जोडा, उड्या आणि पळणं बंद, टाचा बंद, गरजेपुरती सूज-दुखणं कमी करायची गोळी. त्यानंतर इनसोल किंवा पॅड.

या पॅडबद्दल दोन शब्द, कारण दहातले नऊ जण तो चुकीच्या जागी लावतात (मी पण लावला होता). जिथे दुखतं तिथे मऊ गादी ठेवावी असं आपल्याला वाटतं, पण तसं केलं तर तिथेच जास्त दाब येतो. पॅड दुखऱ्या जागेच्या जरा मागे, टाचेच्या बाजूला हवा, म्हणजे वजन हाडाच्या दांड्यावर येतं आणि डोकं अधांतरी राहतं. सोपी युक्ती म्हणजे दुखऱ्या जागी मार्कर पेनाने ठिपका द्यायचा, शाई ओली असतानाच इनसोलवर पाय दाबायचा, उमटलेल्या ठिपक्याच्या मागे पॅड चिकटवायचा. चालताना पहिल्या दिवशी विचित्र वाटतं, गोटीवर पाय पडल्यासारखं, पण दोन-तीन दिवसांत सवय होते. नाही झाली तर पॅड दोन-तीन मिलिमीटर पुढेमागे करून बघा, खरंच तेवढ्याने फरक पडतो.

स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ का?

काही डॉक्टर देतात, काही नाही देत. सूज उतरते, थोडे दिवस बरं वाटतं, पण खचलेलं हाड त्याने वर येत नाही आणि त्या छोट्या सांध्यात पुन्हा पुन्हा दिलं तर आजूबाजूचे लिगामेंट कमजोर होऊ शकतात. मी घेतलं नाही. लग्न तोंडावर आलंय म्हणून घेतलेली एक मैत्रीण आहे, तिला ते तेवढ्यापुरतं उपयोगी पडलं.

मग ऑपरेशन कधी करायचं?

या आजाराच्या ५ पायऱ्या मानतात, स्मायली नावाच्या सर्जनची वर्गवारी आहे ती. पहिलीत फक्त बारीक भेग, दुसरीत वरचा भाग थोडा खचलेला, तिसरीत जास्त खचलेला आणि दोन्ही कडा वर आलेल्या पण खालचा भाग शाबूत, चौथीत खालचा आधारही तुटतो आणि तुकडे सुटतात, पाचवीत सांधाच झिजून सपाट.

लोक रिपोर्टवरचा हा आकडा बघून हादरतात. पण आकड्यावरून कुणाचं ऑपरेशन ठरत नाही. चौथी पायरी असून चांगल्या इनसोलवर मजेत चालणारे लोक आहेत आणि दुसऱ्याच पायरीला रडकुंडीला आलेले पण आहेत. काही महिने (सहसा ३ ते ६) नीट उपाय करूनही रोजचं चालणं दुखत असेल, बोट वाकताना सांधा मध्येच अडकत असेल, तर ऑपरेशनचा विषय. आकडा कामाला येतो तो पुढे, कुठलं ऑपरेशन ते ठरवताना.

ऑपरेशनमध्ये करतात काय?

एकच ठरलेलं ऑपरेशन नाही, आणि खरा गोंधळ इथेच होतो, कारण शेजारच्या काकूंचं झालं ते वेगळं असू शकतं.

सगळ्यात साधं म्हणजे सांधा उघडून साफ करणं: सुटलेले तुकडे काढायचे, सुजलेलं अस्तर काढायचं, वर आलेल्या हाडाच्या कडा घासून सारख्या करायच्या. अगदी सुरुवातीची केस असेल तर हाडात बारीक ड्रिलने भोकं पाडून आतला दाब कमी करतात, म्हणजे नवीन रक्तपुरवठा यायला वाट मिळते.

माझं झालं ते पाचर काढायचं ऑपरेशन. गोतिए आणि एल्बाझ या दोघांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली आणि मला अजूनही वाटतं की कल्पना फार हुशारीची आहे. खराबी डोक्याच्या वरच्या भागात असते, खालच्या म्हणजे तळव्याकडच्या भागातलं कार्टिलेज बऱ्याचदा छान शाबूत असतं. मग वरून हाडाची एक पाचर कापून काढतात, कलिंगडाची फोड काढावी तशी, खराब भाग तिच्यासोबत जातो, आणि उरलेलं डोकं वर फिरवून ती फट बंद करतात. आता बोटाच्या समोर येतं ते खालचं चांगलं कार्टिलेज. म्हणजे खराब झालेलं दुरुस्त करत बसायचं नाही, चांगलं आहे ते फिरवून पुढे आणायचं. मग बारीक स्क्रू, तार किंवा विरघळणारी पिन घालून पक्कं करतात. यात हाड २-३ मिलिमीटर आखूड होतं, आणि ते बरंच, कारण त्याच्यावरचा दाबही कमी होतो. काही सर्जन हाड तिरकं कापून मागे सरकवायची वेगळी पद्धत (वाइल ऑस्टिओटॉमी) वापरतात किंवा दोन्ही एकत्र करतात.

खड्डा मोठा असेल तर गुडघ्यातल्या वजन न येणाऱ्या जागेवरून हाड-कार्टिलेजची छोटी गुंडी काढून इथे बसवतात. चांगलं काम करतं असं वाचलंय, पण मग पायासोबत गुडघाही बरा करत बसायचा, हे आधीच समजून घ्या. आणि सांधा पार गेला असेल, दोन्ही बाजूंचं कार्टिलेज संपलं असेल, तर सांध्यात जवळच्या कंडरेची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची) किंवा सांध्याच्याच आवरणाची घडी करून मध्ये गादीसारखी बसवतात.

त्यापेक्षा ते हाडाचं डोकंच काढून टाकलं तर?

हे मला पण सुचलं होतं, डॉक्टर हसले. डोकं काढलं की त्याच्या वाट्याचं वजन शेजारच्या हाडांवर जातं आणि पुढे तिथे दुखायला लागतं, शिवाय बोट आखूड आणि लुळं होतं. म्हणून अगदीच नाइलाज असल्याशिवाय करत नाहीत. कृत्रिम सांधे बसवायचे प्रयोगही झालेत, सिलिकॉनचे वगैरे, पण ते झिजून त्याच्या कणांमुळे सूज येते असं दिसलं, त्यामुळे या सांध्यासाठी तो काही पहिला पर्याय नाही.

पूर्ण भूल देतात का?

गरज नसते सहसा. घोट्याभोवती किंवा गुडघ्यामागे इंजेक्शन देऊन पाय बधीर करतात, वाटलं तर सोबत हलकी झोप. तासाभराचं काम, बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी घरी पाठवतात. एक लक्षात ठेवा, बधीरपणा उतरायच्या आधी दुखण्याची गोळी घेऊन टाका. मी 'काहीच तर दुखत नाहीये' म्हणून थांबले, आणि रात्री दीडला जे ठणकायला लागलं ते सकाळपर्यंत.

पहिले दोन आठवडे कसे जातात?

आडवे. पाय छातीपेक्षा उंच, दोन उशा नव्हे तीन, आणि तासाला पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त खाली नाही. पाय खाली सोडला की ठसठस सुरू होते आणि बोट जांभळट दिसतं, वर घेतला की रंग परत येतो, तेवढं चालतं. वर घेऊनही बोट पांढरं किंवा निळं राहिलं तर मात्र लगेच फोन करा. तसंच पोटरी दुखून सुजली, दम लागला, ताप आला, जखमेतून पू आला, तर उद्या बघू म्हणायचं नाही.

आंघोळीला पायावर प्लास्टिकची पिशवी, वर चिकटपट्टी, आणि बसायला स्टूल. एका पायावर उभं राहून अंगाला साबण लावायचं धाडस करू नका. टाके साधारण २ आठवड्यांनी काढतात.

बोटातून तार बाहेर राहणार म्हणे, खरं का?

काहींना राहते, सगळ्यांना नाही, सर्जन कशाने फिक्स करतो त्यावर आहे. मला होती. बोटाच्या टोकातून सेंटिमीटरभर बाहेर, टोकावर छोटं बूच. दिसायला भयंकर, दुखत मात्र नाही. त्रास एकच, ती चादरीत अडकते, आणि अडकल्यावर जो झटका बसतो तो शत्रूलाही नको. मी पायावर पुठ्ठ्याचं खोकं उलटं ठेवून त्यावरून पांघरूण घ्यायचे. ४ ते ६ आठवड्यांनी काढतात, ओपीडीतच, भूल वगैरे काही नाही. मी डोळे मिटून दहा आकडे मोजायचं ठरवलं होतं, चार म्हणेपर्यंत तार नर्सच्या हातात.

चालायला कधी लागणार? आणि गाडी, ऑफिस?

बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून टाचेवर वजन देऊन घरातल्या घरात चालू देतात, त्यासाठी खास बूट मिळतो, तळवा कडक आणि पुढचा भाग अधांतरी. हा बूट उंच असतो, त्यामुळे दुसऱ्या पायात घरातही जाड तळव्याची चप्पल घाला, नाहीतर आठवड्यात कंबर धरते. बूट साधारण ४ ते ६ आठवडे. हाड जुळायला ६ ते ८ आठवडे, एक्स-रे बघूनच साध्या बुटात जायचं.

बसून काम असेल आणि पाय वर ठेवता येत असेल तर २-३ आठवड्यांत जमतं, उभं राहून काम असेल तर २-३ महिने धरा. गाडीचं म्हणाल तर उजवा पाय असेल तर बूट सुटून जोरात ब्रेक दाबता येईपर्यंत नाही. डावा पाय आणि गिअर नसलेली गाडी असेल तर लवकर, पण डॉक्टरांना विचारून. पळणं, नाच, उड्या ३-४ महिन्यांनंतर, तेही हळूहळू. सूज सगळ्यात चिवट, संध्याकाळी बूट घट्ट होणं ६ महिने चालू शकतं. 'एवढंसं तर हाड' असं सगळेच म्हणतात, मीही म्हणायचे, पण दर पावलाला त्याच हाडावर वजन येतं, त्याला वेळ लागणारच.

बोट वाकतच नाही, काही चुकलं का?

आखडणं हा या ऑपरेशननंतरचा सगळ्यात कॉमन त्रास, आणि कंटाळ्यामुळे लोक इथेच हात टेकतात. सर्जनने परवानगी दिली (तार सांध्यातून गेली असेल तर ती काढल्यावर, नसेल तर बऱ्याचदा २ आठवड्यांनी) की बोट हाताने धरून खाली वाकवायचं. खाली, वर नाही. वर जायला ते टपलेलंच असतं, कारण वरच्या बाजूला जखमेचा व्रण आखडतो. एका हाताने मागचं हाड स्थिर धरायचं, दुसऱ्याने बोट मुळापासून खाली दाबायचं, दहा आकडे थांबायचं, असं दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. दुखतं, पण सहन होईल इतपतच दाबा. पूर्वीइतकं वाकणं बहुतेकांचं परत येत नाही. माझं वर निम्म्याच्या थोडं पुढे येतं, खाली त्याहून कमी, पण चालायला तेवढं पुरतं.

बिघडू काय शकतं?

आखडणं सांगितलंच. बोट जमिनीला न टेकता जरासं अधांतरी राहणं, विशेषतः हाड आखूड केलं असेल तर. व्रणाच्या आसपास किंवा बोटावर बधीरपणा, कधी तात्पुरता कधी कायमचा. इन्फेक्शन. हाड उशिरा जुळणं किंवा न जुळणं, आणि सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये याची शक्यता वाढते, म्हणून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे तंबाखू पूर्ण बंद. शुगर असेल तर ती आधी कंट्रोलमध्ये. शेजारच्या हाडाखाली नवीन दुखणं. आणि सगळं नीट होऊनही थोडं दुखणं उरणं, हे पण होतं. बहुतेकांना आधीपेक्षा पुष्कळ बरं वाटतं, पण नवाकोरा सांधा मिळत नाही.

माझी मुलगी १४ वर्षांची आहे, तिचं करायचं का?

तिच्या डॉक्टरांना विचाराच, पण या वयात शक्यतो थांबतात. हाड वाढतं असतं, त्याला सावरायला वाव असतो, आणि बऱ्याच मुली विश्रांती आणि इनसोलवर सुधारतात. दुसरं म्हणजे या हाडाची वाढीची पट्टी नेमकी डोक्याच्याच टोकाला असते, तिथे कापाकापी करताना दहा वेळा विचार करावा लागतो. तिच्या शाळेच्या खेळांचं काय ते मात्र आत्ताच बघा. आणि बूट चावतोय म्हणून सोडून देऊ नका.

सर्जनला काय विचारू?

कुठलं ऑपरेशन आणि तेच का. माझ्या सांध्याचा खालचा भाग चांगला आहे का. उघडल्यावर अंदाजापेक्षा खराब निघालं तर तिथल्या तिथे काय करणार (हे आधी विचारा, कारण बऱ्याच वेळा खरी अवस्था उघडल्यावरच कळते). तार की स्क्रू. अशी किती केलीत. हा प्रश्न विचारायला लाज वाटते, मलाही वाटली होती, पण चांगला सर्जन चिडत नाही.

स्क्रू नंतर काढावा लागतो का?

त्रास देत नसेल तर नाही. अगदी बारीक असतो, आतच राहतो.

आणि उंच टाचा?

कधीतरी, तासभर, बसायचा कार्यक्रम असेल तर घालते. रोजच्यासाठी रुंद तोंडाचा, तळवा सहज न वाकणारा बूट. दुकानात बूट हातात घेऊन पुढून-मागून धरून वाकवून बघा, मधूनच दुमडला तर परत ठेवा. माझ्या कपाटात दोन जोड तसेच पडून आहेत, बहीण दर वेळी आली की विचारते, न्यायचे का.